राबिनालचा कैदी वाकत नाही

राबिनालला जायचं असेल तर २५ जानेवारीच्या दोन-चार दिवस आधी पोहोचलेलं बरं. ग्वातेमालाच्या बाहा वेरापास प्रांतातलं हे गाव. कोरड्या डोंगरांच्या मधल्या सपाट दरीत वसलेलं, संत्र्यांसाठी आणि मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेलं, एरवी प्रवासी फारसे न फिरकणारं. जानेवारीच्या उत्तरार्धात इथे संत पाब्लोची जत्रा भरते आणि त्या जत्रेत 'राबिनाल आची' नावाचं मुखवट्यांचं नृत्यनाट्य होतं. ते पंधराव्या शतकातलं आहे. म्हणजे स्पॅनिश लोकांनी या भूमीवर पाय ठेवला त्याच्याही आधीचं. तेव्हाच्या दोन माया राज्यांमधलं वैर त्यात आहे आणि ते आजही माया कुळातल्या आची भाषेतच बोललं जातं. युनेस्कोने २००५ मध्ये त्याची मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशातली श्रेष्ठ कृती म्हणून घोषणा केली आणि २००८ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. मला मात्र तिथे ओढून नेलं ते यादीने नाही. हे नाटक ज्यांचं आहे, त्यांनीच ते अजून स्वतःकडे ठेवलंय, हे वाचलं होतं म्हणून गेले.

माया म्हटलं की आपल्याकडे टिकालचे पिरॅमिड आठवतात, नाहीतर २०१२ साली जग बुडणार म्हणून उठलेली आवई. जणू ही माणसं कधीकाळी होती आणि एक दिवस जंगलात विरून गेली. ग्वातेमालात बसने फिरलं की हा समज पहिल्या तासाभरात गळून पडतो. शेजारी बसलेली बाई तिच्या मुलीशी जे बोलत असते ते स्पॅनिश नसतं. देशात बावीस माया भाषा आहेत, त्या बोलणारी लाखो माणसं आहेत, आणि २६० दिवसांचं जुनं पंचांग बघून दिवस सांगणारे जाणकार डोंगरांतल्या गावागावांत आहेत. राबिनालला जायच्या आधी अँतिग्वा शहरात एका हॉटेलच्या अंगणात मी 'माया नृत्य' पाहिलं होतं. पिसांचे टोप, रंगवलेली तोंडं, जेवणाच्या ताटांसमोर पाऊण तास. नाचणारी मुलं मेहनती होती, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तिथे सगळं माझ्यासाठी चाललं होतं. मी पैसे दिले होते, मला दिसावं म्हणून दिवे लावले होते, मला कंटाळा येऊ नये म्हणून नाच आखडता घेतला होता. राबिनालला याच्या बरोबर उलटं पाहायला मिळालं.

राजधानीतून निघालं की रस्ता आधी अटलांटिककडे उतरतो. एल रांचोला तो सोडून कोबानच्या दिशेने वर चढायचं, घाटमाथ्यावरून सालामाच्या खोऱ्यात उतरायचं आणि तिथे मायक्रोबस बदलायची. सान मिगेल चिकाह मागे पडलं की आणखी एक घाट लागतो आणि मग खाली राबिनाल दिसतं. पांढरं चर्च, पत्र्याची आणि कौलांची छपरं, भोवती तपकिरी डोंगर. मायक्रोबसमध्ये जत्रेला निघालेली माणसं, कोंबड्या, फटाक्यांची खोकी, आणि मारिंबा, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, वाजवणाऱ्यांचा मांडीवर दुमडून घेतलेला गणवेश. पुण्यात शिकलेलं माझं स्पॅनिश इथे उपयोगी पडलं, पण अर्धंच. मागच्या बाकावरचे विनोद सगळे आचीत चालले होते.

उतरायला मला एका वयस्क बाईंच्या घरी खोली मिळाली. सगळा मोहल्ला त्यांना 'दोन्या' म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्या मला 'सेन्यो' म्हणायच्या. तिथे शिक्षिकांना आणि परक्या बायकांना आदराने असंच म्हणतात. पहिल्याच संध्याकाळी मका भाजून केलेल्या पिठाचं दाट 'पिनोल' त्यांनी समोर ठेवलं आणि विचारलं, "नाच बघायला आलीस, तर ज्यांच्याकडे नाच आहे त्यांना भेटलीस का?" मी म्हटलं, अजून नाही, चौकात जाऊनच बघणार होते. "चौक सगळ्यांचा आहे," त्या म्हणाल्या. "पण आधी जाऊन सांगून ये. न सांगता आलेल्या माणसाला कोण पाहुणा म्हणेल?"

म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्या दिरांबरोबर मी कोफ्रादियाच्या घरी गेले. कोफ्रादिया म्हणजे एकेका संताची सेवा अंगावर घेतलेली मंडळी. स्पॅनिश धर्मगुरूंनी ही पद्धत आणली. माया गावांनी ती आपलीशी केली आणि जुन्या देवाधर्माचा पुष्कळसा कारभार तिच्या छत्राखाली चालू ठेवला. जत्रेचा खर्च, पूजा, मिरवणूक, नाचाची व्यवस्था हे सगळं याच मंडळींच्या अंगावर असतं. घराच्या मोठ्या खोलीत जमिनीवर पाइनच्या हिरव्या सुया अंथरल्या होत्या. पाय ठेवला की वास यायचा. समोर संताची मूर्ती, तिच्यापुढे मेणबत्त्यांच्या रांगा आणि कोपाल धुपाचा असा धूर की डोळे चुरचुरत होते. भिंतीला लागून बाकावर वडीलधारी मंडळी बसली होती. मी उभीच राहिले. दिरांनी आचीत माझी ओळख करून दिली, ती बरीच लांबली. मग माझ्या हातात चकचकीत काळ्या वाडग्यातून गरम आतोल, मक्याचं दाट पेय, आलं. ते संपेपर्यंत कुणीही मला काही विचारलं नाही.

संपल्यावर एका आजोबांनी स्पॅनिशमध्ये विचारलं, "तुमच्या देशात मुखवटे आहेत का?"

मी जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्याचं सांगितलं. माझं आजोळ त्या बाजूचं आहे. देवांची आणि राक्षसांची सोंगं रात्री मशालींच्या उजेडात, वाजंत्रीच्या तालावर नाचत येतात, आणि अमुक सोंग नाचवायचा मान अमुक घराचा असं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं, हे ऐकून आजोबा पुढे सरकून बसले. "मग वर्षभर मुखवटा त्या घरातच राहतो? त्याची पूजा करता?" हो म्हटल्यावर त्यांनी बाकावरच्या इतरांना ते आचीत सांगितलं. पुढे मग सगळं सोपं झालं. बघायला ये, म्हणाले. नाच चालू असताना मधून चालत जाऊ नकोस. मुखवटे जमिनीवर ठेवलेले असतील तेव्हा फोटो नको. आणि शेवटपर्यंत थांब.

मुखवट्यांबद्दल ते इतके जपून का बोलले, ते मला हळूहळू कळत गेलं. राबिनालच्या लोकांच्या मते मुखवटे म्हणजे पूर्वज. ते त्यांना राहावाल म्हणतात. नाचणारा मुखवटा चढवतो तेव्हा मेलेल्यांशी त्याचा संबंध जुळतो, आणि पुढे एक दिवस तोही त्यांच्यातच जाणार असतो. त्यामुळे नाचापूर्वी तयारी असते ती केवळ पाठांतराची नाही. डोंगरांवर जाऊन परवानगी मागायची, धूप आणि मेणबत्त्या जाळायच्या, आधी ज्यांनी ही पात्रं केली आणि जे आता नाहीत त्यांची नावं घ्यायची. नाचणाऱ्यांनी काही काळ ब्रह्मचर्य पाळायचं. हे सगळं झाल्यावर मग चौक.

ज्या डोंगरावर ही कथा घडते तो गावातूनच दिसतो. काह्युब. राबिनालच्या जुन्या राज्याचा गड तिथे होता. दोन्यांच्या नातवाबरोबर मी सकाळी लवकर वर गेले. वाट खडी आहे आणि सावली नाही. वर दगडी चौथरे आहेत, पायऱ्या ढासळलेल्या, गवत वाढलेलं. तिकीट नाही, दोर बांधलेले नाहीत. एका चौथऱ्यापाशी ताजी राख होती, मेणाचे ओघळ होते, अर्धवट जळालेला कोपाल होता. आदल्या रात्री कुणीतरी येऊन गेलं होतं. नातू त्या राखेला वळसा घालून गेला, म्हणून मीही गेले. वरून सगळं खोरं दिसतं. नाटकात पुन्हा पुन्हा ज्या डोंगरांची आणि दऱ्यांची नावं येतात, ती तो पोरगा बोटाने दाखवत होता. भूगोल पाठ असल्यासारखा. मग लक्षात आलं की नाटक ऐकून ऐकूनच त्याला ती पाठ झालीत.

आता कथा सांगते, कारण ती ठाऊक नसेल तर चौकात काय चाललंय ते कळत नाही.

किचे राज्याचा एक योद्धा, किचे आची, राबिनालच्या मुलखावर चालून येतो. त्याने गावं उद्ध्वस्त केली आहेत, राबिनालची मुलं पळवून न्यायचा प्रयत्न केला आहे. माया कायद्याने हा मोठा गुन्हा. राबिनालचा राजपुत्र, राबिनाल आची, त्याला गडाबाहेर पकडतो, दोर टाकून बांधतो आणि राजा होब तोहपुढे उभं करतो. राजा म्हणतो, माझ्या दारात वाक. कैदी वाकत नाही. उलट शस्त्र उगारतो. राजाचा सेवक अचिह मुन मध्ये पडतो. या पात्रात स्त्री-पुरुष दोघांचीही लक्षणं आहेत. मरण तर ठरलेलंच आहे. तरी कैद्याला एकेक मान दिला जातो. राजाचं पेय दिलं जातं, सुरेख विणलेलं वस्त्र दिलं जातं, हिरव्या पिसांच्या राजमातेबरोबर, उचुच कुक उचुच राशोनबरोबर, नाचू दिलं जातं. तेरा गरुड आणि तेरा जॅग्वार म्हणजे गडाचे योद्धे, त्यांच्याशी युद्धाचा खेळ खेळू दिला जातो. शेवटी तो मागणी करतो की मला तेरा वेळा वीस दिवस द्या, माझ्या डोंगरांचा आणि दऱ्यांचा निरोप घेऊन येतो. तेरा वेळा वीस म्हणजे २६०. म्हणजे पंचांगाचं एक पूर्ण आवर्तन. त्याला सोडतात. आणि तो परत येतो.

या शेवटच्या गोष्टीवर मी खूप विचार केला आहे. पळून जाता आलं असतं. नाटकात कुणीही त्याच्यामागे पहारा धाडत नाही.

सणाच्या दिवशी सकाळपासून फटाके. कोफ्रादियांचे झेंडे आणि चांदीचे मानदंड घेऊन मिरवणूक, रस्त्याच्या एका बाजूला पाळणे, दुसऱ्या बाजूला तळलेल्या केळ्यांच्या गाड्या, आणि तीन-तीन मारिंबा एकाच वेळी वेगवेगळी गाणी वाजवत. जत्रेत इतर नाचही असतात, जास्त रंगीत, जास्त गोंगाटाचे, आणि पोरं त्यांच्यामागे धावतात. राबिनाल आचीला गर्दी अशी होत नाही. चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत बायकांनी पदराखालची लहान मुलं सांभाळत बसायला जागा धरल्या होत्या. म्हातारी माणसं टोपी गुडघ्यावर ठेवून बसली होती. दोन्यांनी मला एका शिक्षकांशेजारी बसवलं. ते आची भाषेचे, गावातल्याच शाळेत शिकवणारे. मधल्या विरामांत ते मला हळू आवाजात स्पॅनिशमध्ये सांगत राहिले.

वाद्यं तीनच. एक तुन, म्हणजे लाकडाचा अखंड ओंडका पोखरून वर चिरा पाडलेला ढोल, आणि दोन कर्णे. तुनला कातडं नसतं. काठी लाकडावर पडते आणि आवाज कानाआधी छातीत येतो. या नाट्याला आची भाषेत 'शाहोह तुन', तुनचा नाच, असंही म्हणतात. सोळाव्या-सतराव्या शतकांत स्पॅनिश अधिकाऱ्यांनी तुनच्या नाचांवर पुन्हा पुन्हा बंदी घातली. नरबळीची आठवण यातून जिवंत राहते, असं त्यांचं म्हणणं. बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागली, यावरूनच ती कितपत पाळली गेली ते दिसतं.

तुन वाजला की नाचणारे चौकोनात फिरतात. पावलं साधी आहेत, जड आहेत, एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात ढाल. मुखवटे लाकडाचे, चेहऱ्यावर घट्ट बांधलेले, डोक्यावर उंच शिरोभूषण. गरुड आणि जॅग्वार कथेत तेरा-तेरा असले तरी चौकात मोजकेच नाचणारे असतात. मग वाद्यं थांबतात, दोघं समोरासमोर उभे राहतात आणि एक बोलायला लागतो. लांब. खूप लांब. मुखवट्याच्या आतून आवाज दबलेला येतो, एकाच पट्टीत, मंत्र म्हटल्यासारखा. चेहरा दिसत नाही, हातवारे नाहीत. बोलून संपलं की पुन्हा तुन, पुन्हा फेऱ्या, मग दुसरा बोलणार.

पहिला अर्धा तास मी फक्त आवाज ऐकत होते. मग शिक्षकांनी एक गोष्ट सांगितली आणि सगळं उलगडलं. म्हणाले, "नीट ऐक. हा आता स्वतःचं काही बोलत नाहीये. आधीचा जे बोलला ते पुन्हा म्हणतोय."

तसंच होतं. राबिनाल आची आरोप करतो. किचे आची लगेच उत्तर देत नाही. आधी तो समोरच्याचे शब्द परत म्हणतो, की हे शूर पुरुषा, तू आकाशाच्या आणि पृथ्वीच्या साक्षीने असं असं म्हणालास. शब्द न गाळता, स्वतःच्या सोयीचं न करता. ते पुरं झाल्यावरच स्वतःची बाजू. मग राबिनाल आचीची पाळी, तो आधी किचे आचीचे शब्द पुन्हा उच्चारणार. एकमेकांचा जीव घ्यायला निघालेले दोघे, पण शत्रूचं म्हणणं आपल्या तोंडाने पूर्ण उच्चारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, हा नियम दोघंही मोडत नाहीत. समजल्यावर मला तो संथपणा संथ वाटेनासा झाला. ठरावीक शब्द कानाला ओळखीचे होऊ लागले. एकाच्या तोंडून आलेला ध्वनी दुसऱ्याच्या तोंडून परत आला की शेजारच्या आजी मान हलवायच्या. बरोबर म्हटलं, अशी.

इतकी शतकं हे टिकलं ते बरंचसं या रचनेमुळे असावं, असं मला तिथे बसल्या बसल्या वाटलं. प्रत्येक वाक्य निदान दोनदा उच्चारलं जातं. एक विसरला तर दुसऱ्याकडे ते असतंच. कागदावर हे नाट्य आलं ते एकोणिसाव्या शतकात. ब्रास्यर द बुर्बूर नावाचे फ्रेंच धर्मगुरू १८५५-५६ मध्ये राबिनालला होते. गावातल्या बार्तोलो सिस यांनी त्यांना ते सांगितलं, आणि १८६२ मध्ये पॅरिसला फ्रेंच भाषांतरासह छापलं गेलं. गावात मात्र हस्तलिखितांची स्वतंत्र परंपरा राहिली. १९१३ ची एक प्रत अभ्यासकांना ठाऊक आहे. पण पाठांतर होतं ते म्हाताऱ्याच्या तोंडून पोराच्या कानात.

उन्हं चढली. कुणी उठलं नाही. कैद्याला पेय दिलं तेव्हा त्याने ते घेतलं आणि तुच्छतेने बोलला, की तुमच्या राजाच्या घरचं पेय म्हणायचं ते हेच का. बायका हसल्या. तो राजमातेबरोबर नाचला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. हिरव्या पिसांची ती आकृती सगळ्या नाटकात एक शब्द बोलत नाही, तिचं पात्र एका मुलीने केलं होतं, आणि त्या फेऱ्यांत कैद्याचं अंतर आणि तिचं अंतर शेवटपर्यंत तेवढंच राहिलं.

मग निरोपाचं भाषण आलं. शिक्षक सांगत होते ते मी जवळजवळ शब्दशः वहीत उतरवलं आहे. तो आकाशाला आणि पृथ्वीला हाक मारतो. म्हणतो, मी त्या खारीसारखा असतो, त्या पाखरासारखा असतो, तर बरं झालं असतं. ज्या फांदीवर त्यांना खायला मिळतं त्याच फांदीवर ती मरतात. मला मरायचंय ते परक्या मुलखात. एवढं सांगून शिक्षक गप्प झाले आणि पुढचं त्यांनी भाषांतर केलं नाही. मीही विचारलं नाही.

त्यांचं गप्प होणं कशामुळे असेल, हे मला आदल्या दिवशी गावातल्या सामुदायिक संग्रहालयात कळलं होतं. संग्रहालयाला या नाटकाचंच नाव आहे. आत मुखवटे आहेत, मातीची भांडी आहेत, आणि एका खोलीत भिंतभर माणसांचे फोटो आहेत. ओळखपत्रावरचे, लग्नातले, शाळेतले. १९६० ते १९९६ या यादवी युद्धात, विशेषतः १९८१-८२ मध्ये, या खोऱ्यातल्या आची लोकांची सामूहिक कत्तल झाली. चिशोय नदीवरच्या धरणासाठी जागा सोडायला रिओ नेग्रो या गावातल्या लोकांनी नकार दिला होता. १३ मार्च १९८२ रोजी तिथल्या ७० बायका आणि १०७ मुलं पाकोशोमच्या टेकडीवर मारली गेली. त्याच वर्षी १८ जुलैला प्लान दे सांचेस या वाडीत, बाजाराच्या दिवशी, अडीचशेहून जास्त माणसं मारली. मारणारे होते सैन्य आणि सैन्याने उभ्या केलेल्या गस्तीतले लोक. त्यात शेजारच्या गावांतलेही होते. आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने २००४ मध्ये प्लान दे सांचेसच्या खटल्यात ग्वातेमाला सरकारला भरपाईचे जे आदेश दिले, त्यात आची संस्कृतीचा अभ्यास आणि प्रसार करावा हाही एक आदेश आहे. आणि २४ जानेवारी २०२२ रोजी, संत पाब्लोच्या सणाच्या आदल्याच दिवशी, राजधानीतल्या न्यायालयाने पाच माजी गस्तवाल्यांना आची बायकांवरच्या अत्याचारांसाठी प्रत्येकी तीस वर्षांची शिक्षा सुनावली. त्या बायका जवळजवळ चाळीस वर्षं न्याय मागत होत्या.

हे ठाऊक असताना समोर बसून कैद्याची चौकशी बघणं वेगळं असतं. इथे शत्रूला पकडल्यावर त्याचं म्हणणं ऐकून घेतात, त्याचे गुन्हे त्याच्या तोंडावर नावानिशी सांगतात, मारायच्या आधी त्याला पाणी देतात, नाचू देतात, घराचा निरोप घेऊ देतात. फोटोतल्या माणसांना यातलं काहीही मिळालं नाही. मी हे शिक्षकांना बोलून दाखवलं, नंतर, चौक रिकामा होऊ लागला तेव्हा. ते म्हणाले, "आमचे आजोबा सांगायचे, नाच पुरा झाला नाही तर मेलेले वाट बघत बसतात. आता वाट बघणारे खूप झालेत. म्हणून पुरा करायचा."

शेवट असा. किचे आची मधोमध गुडघ्यावर बसतो. तुन वाजतो. सगळे त्याच्याभोवती फिरतात आणि कुऱ्हाडी त्याच्या मानेच्या दिशेने झुकवतात. रक्त नाही, किंकाळी नाही, पडणं नाही. आणि मग तो उठतो. मारणारे आणि मेलेला, राजा आणि सेवक, सगळे मिळून नाचतात. त्यानंतर मुखवटे उतरले आणि आतली ओळखीची, घामाने निथळणारी तोंडं दिसली, तेव्हा बायका पाण्याच्या बाटल्या घेऊन पुढे धावल्या. नाचणारे थोडं पाणी प्यायले आणि पुढच्या घरी निघाले. तिथल्या मंडळींसमोर पुन्हा हेच करायचं होतं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. तिथे टाळ्या सुचतच नाहीत.

किचे आची झालेला तरुण मला संध्याकाळी भेटला. दिवसा तो गवंडीकाम करतो. त्याने आधी सेवकाचं, मग दुसरं पात्र केलं होतं, आणि वडीलधाऱ्यांनी योग्य वाटल्यावरच हे दिलं. खर्चाचं विचारलं तर म्हणाला, पोशाख आहेत, पिसं आहेत, धूप, मेणबत्त्या, सगळ्यांचं जेवण, आणि तितके दिवस मजुरी बुडते ती वेगळीच. जगाने दखल घेतली त्याचा आनंद आहे, पण दखलीने तांदूळ-मका येत नाही, हे त्याने अगदी सरळ सांगितलं. मुलं शिकायला येतात का? येतात, पण राजधानीत नाहीतर उत्तरेला अमेरिकेत कामाला गेली की पाठांतर अर्धं राहतं. मला तो माणूस फार आवडला. सकाळी ऐकलेलं ते सगळं भाषण त्याच्या डोक्यात होतं आणि तो सिमेंटच्या भावाबद्दल बोलत होता.

जाणाऱ्यांना एवढंच सांगेन, की कोफ्रादियाला जमेल ती मदत रोख द्या. तिथे ती मानाने घेतली जाते. आणि घरी काही न्यायचं तर राबिनालच्या कारागिरांकडून मोरोच्या फळाची भांडी घ्या. दोन्यांच्या ओळखीच्या एका घरी मी ती करताना पाहिली. मोरो म्हणजे झाडाच्या खोडालाच लागणारं कठीण सालीचं फळ. ते कापून, आतला गर खरवडून काढून वाळवतात. मग नीज नावाच्या किड्याची चरबी लावतात. हे किडे झाडांवर वाढवतात, उकळून त्यांची मेणासारखी चरबी काढतात. काळ्या रंगासाठी पाइनच्या चिपाडांची काजळी. कारागीर बाईंनी बोटाला थोडी चरबी घेतली, काजळीत बुडवली आणि तळहाताने वाडगा घासत राहिल्या. आधी राखाडी, मग काळा, मग त्यात खिडकी दिसायला लागली. मग टोकदार सुरीने त्या चकाकीतून पाखरं कोरत गेल्या, आधी रेघ न आखता. कोफ्रादियात मी आतोल प्यायले ते याच वाडग्यातून. पोरांच्या हातातले खुळखुळेही याच फळाचे.

परतीच्या मायक्रोबसमध्ये शेजारी क्युबुल्कोचं एक कुटुंब होतं. राबिनालच्या पुढचंच गाव. मी नाच शेवटपर्यंत बघितला हे कळल्यावर त्या बाई म्हणाल्या, मग आमच्याकडे जुलैत ये, २५ तारखेला संत सांतियागोचा सण असतो, उंच खांबावरून दोर बांधून माणसं गोल फिरत खाली उतरतात. त्यांचे यजमान त्या खांबाचं झाड निवडून गावात ओढत आणणाऱ्यांपैकी होते. झाड तोडायच्या आधी त्याची माफी कशी मागतात, ते त्यांनी सालामा येईपर्यंत मला सांगितलं, आणि उतरताना त्यांच्या घराचा रस्ता वहीत काढून दिला.